दोन कुलपांचं दार

पंपघराच्या दाराला हात लावला तेव्हा कडी अजून गार होती, म्हणजे मी नेहमीच्या वेळेलाच आले होते. पण पायरीवर चंदनबाई नव्हती. आधी वाटलं, बरं झालं, आज मी पहिली. आमच्या दोघींत बोलणं नव्हतं, पण ही चढाओढ होती. जी आधी येई ती पायरीच्या उजव्या अंगाला उभी राही आणि दुसरीला लांबून येताना बघे, आणि त्या बघण्यात जे काय बोलायचं ते सगळं बोलून होई. मी काखेतली कोरी घागर खाली ठेवली, कलंडू नये म्हणून तिला दगड लावला, पदर सारखा केला आणि पेठेच्या वाटेकडे तोंड करून चांगली ऐटीत उभी राहिले. ऊन चढत चढत पायरीवर आलं. आमचा इंजिन चालवणारा मगन मिस्तरी तेलाच्या डब्यावर बसून विडी ओढत होता, त्याने विडी विझवली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.  ही बाई तापात आली होती, धो धो पावसात आली होती, घरात लग्न असताना हळदीचे हात घेऊन आली होती. आणि नेमकी आज नाही. आज आखाजी, अक्षयतृतीया. आज गावठाणातल्या प्रत्येक घरात गेलेल्या माणसाच्या नावाने कोरी घागर भरायची, माहेरी आलेल्या पोरींनी झोके बांधलेले, आणि नळाला पाणी नाही, कारण एका कुलपाची किल्ली माझ्या कमरेला आणि दुसऱ्याची तिच्या.

कोणी म्हणेल, एक दार, त्याला दोन कुलपं, आणि ती उघडायला गावाच्या दोन टोकांहून रोज दोन बायका, हे काय खूळ? खूळच आहे. पण या खुळामुळे आमच्याकडे माणसं रात्री दाराला कडी न घालता झोपतात, तेव्हा हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर पेठेला राग येईल आणि नाही सांगितलं तर गावठाणाला, म्हणून अमळनेरच्या बाजूला आहे एवढं पुरे. पेठ म्हणजे ओढ्याच्या पलीकडची व्यापाऱ्यांची वस्ती, मारवाडातून आलेली घरं, जिनिंगचे कारखाने, कापसाच्या वखारी. गावठाण म्हणजे आम्ही, अलीकडचे, नांगरवाले. कापसाच्या मापावरून कुरबुर कायमचीच होती, पण जीव घेण्याइतकं काही नव्हतं. मग म्युनिसिपालिटीने नदीकाठच्या विहिरीवर पंप बसवला, आणि पहिला नळ पेठेत गेला. तेवढंच पुरलं. आमच्या लोकांनी नळ उखडला. त्यांनी पंपघराला कुलूप घातलं. आमच्यांनी वखार पेटवली. मग एका बाजारच्या दिवशी पेठेच्या गल्लीत दोन्हीकडून दगड सुरू झाले, आणि वरच्या एका गच्चीवरून वीट आली ती माझ्या नथ्थूच्या डोक्यात.

नथ्थू माझा धाकटा भाऊ. आई-बाप गेल्यावर मीच त्याला वाढवलं, लग्न झालं तेव्हा हुंड्याऐवजी भाऊ घेऊन आली म्हणून सासूने ऐकवलं होतं. तो काही भांडायला गेला नव्हता. बैलाला नवी वेसण हवी होती. ‘अक्का, भाकर झाकी ठेव, मी आत्तेच येस,’ म्हणाला आणि गेला. ती भाकर मी झाकून ठेवलेली, तशीच, पुढे कितीतरी वेळ माझ्या डोळ्यांपुढे येत राहिली, माणूस आणला त्या वेळचं काही आठवत नाही, भाकरीवर पालथं घातलेलं पितळी ताट मात्र आठवतं. गच्चीवर सोहनलाल होता असं सगळे म्हणाले. सोहनलाल म्हणजे चंदनबाईचा मुलगा. पोलिसांनी नेला त्याला, काही महिने आत होता, मग कोर्टात कोणाची साक्ष टिकली नाही आणि सुटून आला. आला तो पेठेतच राहिला. ओढ्यावरचा पूल ओलांडून अलीकडे त्याने कधी पाऊल टाकलं नाही. आणि मी पलीकडे टाकलं नाही.

सलोखा झाला तो दोन्हीकडचे दमले म्हणून. चांगुलपणा वगैरे काही नाही, उगाच कशाला खोटं बोला. कापूस विकायला पेठ लागते आणि पेठेला कापूस लागतो. एक अख्खा हंगाम बाहेरच्या बाजाराने खाल्ला तेव्हा दोघांचे डोळे उघडले. आमच्याकडून हिलालआबा आणि त्यांच्याकडून केवलचंदशेट, दोघे तिसऱ्या गावच्या धर्मशाळेत जाऊन बसले आणि कारभार वाटून घेऊन आले. म्युनिसिपालिटीत सात त्यांचे, सात आमचे. अध्यक्षाची खुर्ची एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे. आखाजीच्या दिवशी एकाने उठायचं आणि दुसऱ्याने बसायचं. आपल्या सातांनी हात वर करून काही होणार नाही, समोरच्यांतले निदान दोन हात वर पाहिजेत. आणि पंपघराला दोन कुलपं. त्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या यावरून धर्मशाळेत पुन्हा मोडायची वेळ आली होती म्हणतात. पुरुष गडी परगावी जातात, रुसतात, फितूर होतात. तेव्हा हिलालआबांनी डोकं चालवलं. ‘जठे गोडी नही तठेच किल्ली द्या,’ म्हणाले. ज्या दोघी जन्मात एक होणार नाहीत अशा दोघी शोधा, म्हणजे चोरून पाणी सोडायला एक दुसरीला कधी सामील होणार नाही. एक जिचा भाऊ गेला ती. दुसरी जिच्या मुलावर आळ आला ती. आबा घरी आले, मला समोर बसवून सांगितलं. मी म्हटलं, द्या किल्ली. मला त्या बाईला रोज सकाळी बघायचं होतं. रोज तिच्यासमोर उभं राहायचं होतं, काही न बोलता, तिला जेवण गोड लागू नये म्हणून.

तिला गोड लागलं की नाही मला ठाऊक नाही, कारण तिचं तोंडच मी पाहिलं नव्हतं. मगन असायचा ना तिथे, परका पुरुष, म्हणून ओढणी छातीपर्यंत ओढलेली. मला दिसायचे ते हात. बाकी सगळं मी त्या हातांवरून ओळखायला शिकले. राग असेल तर किल्ली दोनदा चुकायची. सणवार असेल तर मेंदी. घरात काही बिनसलं असेल तर कुलूप काढल्यावर ती कडीला क्षणभर धरून राहायची. गेल्या उन्हाळ्यापासून हात वाळत चालले होते. हातातलं कडं पूर्वी मनगटावर घट्ट असायचं, ते सरकून कोपरापर्यंत जाऊ लागलं, आणि मी मनात म्हणायचे, वाळ, अजून वाळ. म्हणायचे खरी. पण हिवाळ्यात एकदा ती आली नि तिला खोकला होता, तेव्हा मी न विचारता पायरीची उन्हाची बाजू सोडून सावलीत सरकले. का सरकले, देव जाणे. घरी येऊन स्वतःवरच चिडले आणि भांडी आपटली.

आमच्या मालकांनी विचारलं होतं, भांड्यांचा काय गुन्हा? मालक म्हणजे अभिमन पाटील. नाव मी घेत नाही, पण तुम्हाला कळायला हवं, कारण गेलं वर्षभर म्युनिसिपालिटीच्या खुर्चीवर तेच आहेत. हा वाटून घेतलेला कारभार कसा चालतो ते मला रोज जेवताना ऐकावं लागे. पेठेत दिवा लावला की गावठाणात दिवा. पुलावरच्या दिव्याचं तोंड कुठे करायचं यावर पावसाळा गेला. शेवटी दिवा सरळ आकाशाकडे तोंड करून बसवला. गटार दोन्ही टोकांकडून खणत आणली, आपापल्या माणसांनी, आपापल्या दोरीने, आणि मधे आल्यावर दोघांच्या तोंडात हातभर अंतर. मग तिथे वळण घातलं. अजून आहे. पाणी वाहतं मात्र छान. मालक घास हातात धरून म्हणायचे, ‘चौदा माणसं आणि एक झाडू विकत घेता येत नाही! माझ्या एकट्याच्या हातात असतं तर...’ मी म्हणायचे, तुमच्या एकट्याच्या हातात असतं तर केवलचंदशेटने तुमच्या दारात झाडू फेकून मारला असता. ते हसायचे. पण वर्ष सरत आलं तसं ते हसेनासे झाले. खुर्चीची सवय लागली होती माणसाला. घरातसुद्धा जरा मागे रेलून बसू लागले. परवा धोतराची घडी करताना स्वतःशीच म्हणाले, आखाजी फारच लवकर आली या वर्षी. मी ऐकलं. आखाजी आपल्या वेळेलाच येते.

म्हणून आज पायरीवर उभी असताना मला पाण्याची भीती नव्हती. पाणी काय, दुपारी आलं असतं. भीती मालकांची होती. बायका जमल्या होत्या, डोक्यावर, काखेत, जमिनीवर सगळीकडे लाल कोऱ्या घागरी. भिकुबाईने विचारलं, ‘ताईबाई, पानी कवय येई वं?’ मी म्हटलं, येईल. इतक्या ठामपणे म्हटलं की तिने काखेतली घागर खाली ठेवली. मागून कोणीतरी पुटपुटलं, मुद्दाम केलंय त्यांनी, आपल्या सणाच्या दिवशी, आपल्या मेलेल्यांना तहानेलं ठेवायला. ते बोलणं गर्दीत कसं फिरलं ते मला दिसत होतं. एक मान वळली, दुसरी वळली, एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. आणि तेवढ्यात मालक आले. मागे चार माणसं, त्यातल्या एकाच्या खांद्यावर लोहाराचा घण. मालकांच्या अंगावर सभेचा कोट होता, आज खुर्ची द्यायची म्हणून चढवलेला. पण त्यांचं तोंड खुर्ची द्यायला निघालेल्या माणसाचं नव्हतं. फार दिवसांनी इतके ताजेतवाने दिसले.

‘बठ्ठं गाव पाण्याची वाट बघतंय,’ ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘किल्ली त्यांनी अडवली. सलोखा त्यांनी मोडला. आता आपल्यावर कसलं बंधन नाही. बाजूला हो, कुलूप तोडू दे.’

‘आणि खुर्ची?’ मी हळूच विचारलं.

‘खुर्चीचं मग बघू.’

बघा कसं असतं. बावीस वर्षं संसार केला की नवऱ्याचं पोट बायकोला काचेचं होतं, आतलं सगळं दिसतं. त्यांना राग आलेला नव्हता, त्यांना आनंद झाला होता. आणि त्या आनंदात माझ्या नथ्थूची घागरही त्यांनी ओढली होती, कारण पुढचं वाक्य ते तेच म्हणणार होते, आणि म्हणालेच, ‘तुझ्या भावाची तरी लाज धर.’ माझ्या कानशिलात आग उठली. क्षणभर वाटलं, तोडू द्यावं. घण पडावा, दार उघडावं, पाणी यावं, आणि पुन्हा एकदा ती सगळी पेठ पेटावी, ती गच्ची कोसळावी. हे मला वाटलं, खोटं कशाला सांगू. तोंडात रक्ताची चव आली, ओठ चावला होता मी. मग माझा हात कमरेला गेला आणि किल्ली लागली. अंगाच्या उबेने ती कोमट झाली होती. मी ती काढली आणि मुठीत धरून सगळ्यांना दाखवली.

‘दाराला कुलपं दोन आहेत,’ मी म्हटलं. ‘त्यांचं तोडलं तरी दार उघडत नाही. माझंही तोडावं लागेल. अध्यक्षसाहेब, तोडा की आपल्या बायकोचं कुलूप, गावासमोर.’

बायकांत कोणीतरी फिस्सकन हसली. मालकांचा हात कोटाच्या गुंडीवर गेला. मला कळलं की थोडा वेळ मिळाला. ‘मी पेठेत जाऊन येते. येईपर्यंत घण खाली,’ मी म्हटलं आणि मगनला सांगितलं, घागरीकडे लक्ष ठेव, कोणाचा पाय लागू देऊ नको. आणि निघाले. पाठीवर सगळ्यांचे डोळे असताना चालायचं म्हणजे पाठ ताठ ठेवावी लागते, मी ठेवली.

पुलावर मात्र थांबले. आकाशाकडे तोंड केलेला तो येडपट दिवा बघितला आणि त्याचा दांडा धरून उभी राहिले. पलीकडची हवा वेगळी नव्हती. सरकीचा वास, तुपाचा वास, उन्हाने तापलेल्या दगडाचा वास. मला वाटलं होतं, ती गल्ली मला ओळखता येणार नाही किंवा ती माझ्यावर धावून येईल, पण ती नुसती गल्ली होती. वेसणी विकणाऱ्याचं दुकान होतं, तिथे वेसणी टांगलेल्या होत्या. त्याच्यासमोर कुठेतरी. कुठे नेमकं? मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. फरशी सगळीकडे सारखी होती, धुतलेली. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उठून उभी राहिली, आणि कोणी मला अडवलं नाही, कोणी हाक मारली नाही. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. वर बघितलं. गच्चीच्या कठड्याला विटांची एक ओळ कमी होती, आणि ती तशीच ठेवलेली होती, तीन वर्षं, कोणी भरली नव्हती. नथ्थू, मी मनात म्हटलं, भाकर झाकलेली आहे रे. आणि चंदनबाईच्या दारात पाऊल टाकलं.

आत बायकांची गर्दी होती. मधोमध गादीवर एक म्हातारी पडलेली, डोळे मिटलेले, गाल आत गेलेले, आणि मी म्हणणार होते की चंदनबाई कुठे आहेत, तेवढ्यात पांघरुणावरचे हात दिसले. कडं कोपरापाशी. हे तिचं तोंड होतं तर. माझ्याच वयाची असेल असं मी धरून चालले होते. उशाशी चांदीचे छोटे कलश मांडलेले, त्यांत उसाचा रस. एक बाई मला सांगू लागली की यांचं वर्षीतप होतं, वर्षभर एक दिवस जेवण आणि एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी, आणि आज अक्षयतृतीया, आज उसाच्या रसाने सोडायचं. पहाटे किल्ली घेऊन निघाल्या त्या उंबऱ्यावरच कोसळल्या. आता शुद्ध आहे, पण पाय धरत नाहीत. मी ऐकत होते आणि मला हसू यावं की रडू ते कळेना. आमच्या बायकांना ठाऊक नाही की आज यांचा उपास सुटतो. यांना ठाऊक नाही की आज आमची घागर भरते. एकाच दिवसाला दोन्हीकडे पाणी तोंडाशी आलेलं, आणि चौदा शहाण्या पुरुषांनी दिव्याच्या तोंडावर पावसाळा घालवला, पण हे एकमेकांना विचारलं नाही.

चंदनबाईने डोळे उघडले. मला बघून तिने ओढणी चाचपली, मग राहू दिली.

‘ताईबाई,’ ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, जाड, जरा घोगरा. ‘किल्ली पाठवत होते. तिकडची गर्दी बघून कोणी पूल ओलांडायला तयार नाही.’

‘एवढा उपास कशाला धरायचा?’ मी म्हटलं. मला असं विचारायचं नव्हतं, पण आवाज चढलाच. ‘आम्ही म्हणत होतो, पेठेतली बाई, तूप खाऊन...’

 मग इतर बायकांना तिने हाताने बाहेर जायला सांगितलं. ‘सोहन त्या दिवशी गच्चीवर होता की नाही, ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘आई आहे मी. विचारायची छाती झाली नाही. म्हणून उपास धरला. वर्ष संपेल तेव्हा विचारीन असं मनाशी ठरवलं होतं. आज संपलं.’

 रागाला जागाच सापडेना. तिने उशीखालून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ‘तुम्हीच उघडा दोन्ही. तुमच्यावर माझा विश्वास आहे.’

दोन किल्ल्या माझ्या एका मुठीत. एक कोमट, एक गार. गावाचं सगळं पाणी माझ्या मुठीत होतं आणि मूठ बंद करायची तेवढी राहिली होती. कबूल करते, फार छान वाटलं. मालकांना खुर्चीत काय वाटत असेल ते तेव्हा कळलं. आता मी एकटी जाऊन दोन्ही कुलपं काढू शकत होते आणि कोणी नावं ठेवली नसती, उलट माझं कौतुकच झालं असतं. आणि उद्या? उद्या कोणीही एकाने दोन्ही किल्ल्या घ्याव्या आणि म्हणावं, ताईबाईने घेतल्याच होत्या की. ‘असं नाही चालत, चंदनबाई,’ मी म्हटलं. ‘पेठेच्या किल्लीला पेठेचा हात पाहिजे. असं ठरलंय. तुमचा नसेल तर तुमच्या घरातला कोणाचा तरी. कोण आहे घरात?’

 तिचे मालक बोदवडच्या दुकानावर, हे मला ठाऊक होतं. आणि माझं विचारणं पुरं व्हायच्या आतच आतल्या दारात तो उभा असलेला मला दिसला. मी त्याला गच्चीवर कल्पनेत इतक्यांदा उभा केला होता, धिप्पाड, मिशा पिळलेला. हा किडकिडीत पोरगा होता, नथ्थूपेक्षा फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठा, आणि भिंतीला हात टेकून उभा. त्याने आईचं बोलणं ऐकलेलं होतं, ते त्याच्या तोंडावर होतं. मी पुढे झाले. हे मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. मी त्याच्या हातात किल्ली ठेवली.

‘चल,’ मी म्हटलं.

‘अक्का,’ तो म्हणाला. आमच्याकडे मोठ्या बाईला कोणीही अक्का म्हणतं, तरी मला नथ्थूचीच हाक ऐकू आली. ‘ते लोक मला मारतील.’

‘माझ्या उजव्या हाताला चाल. आणि मान वर ठेव, चोरासारखा येऊ नकोस.’

परतीची वाट मला लांब वाटली नाही. पुलावर तो अडखळला, मी थांबले, तो आला. पंपघरापाशी गर्दीने त्याला ओळखलं तेव्हा एक गुरगुर उठली, आणि चौघांतला घणवाला दोन पावलं पुढे आला. मालकांनी त्याला मागे ओढलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, तोंड उघडं, जणू मी वेडी झाले. मी घणवाल्याच्या इतक्या जवळून गेले की माझा पदर त्याला लागला, आणि बाईमाणसाचा पदर लागल्यावर तो बिचारा आपोआप मागे सरला. पायरीवर चढून मी माझं कुलूप काढलं. मग बाजूला झाले, डाव्या अंगाला, रोज कुलूप काढून होते तशी.

सोहनलालच्या हातून किल्ली दोनदा चुकली. आईसारखाच, मला वाटलं. तो कुलपाकडे तोंड ठेवून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, ‘अक्का, त्या दिवशी मी गच्चीवर होतो. वीट मी...’

‘आधी कुलूप,’ मी म्हटलं. ‘बाकीचं तुझी आई विचारील तेव्हा तिला सांग. आणि तिला सांगून झालं की मला सांगायला ये. पूल ओलांडून ये, दिवसाढवळ्या. मी काय करीन ते मी तेव्हा ठरवीन.’

कुलूप निघालं. मगन आत गेला, चाक फिरवलं, इंजिन खोकलं आणि धरलं. बाहेरच्या नळातून आधी हवा आली, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. पहिली घागर माझी असते, हा माझा मान. नथ्थूच्या घागरीत पाणी पडू लागलं तसा कोऱ्या मातीचा वास आला आणि मला हुंदका आला. मी तो येऊ दिला, सगळ्यांसमोर. लोक नळाकडे धावले, घण कोणाच्या तरी पायात आला आणि बाजूला सारला गेला. घागर काठोकाठ भरली. आता भरलेली मातीची घागर एकटीला डोक्यावर घेता येत नाही, हमालालासुद्धा नाही, कोणीतरी समोरून हात लावावा लागतो. एरवी मगन लावायचा. तो आत इंजिनापाशी होता. समोर सोहनलाल होता, जायला वळलेला.

‘ए,’ मी म्हटलं, ‘हात लाव.’

त्याने घागरीकडे बघितलं. कोणाची ते त्याला कोणी सांगायला नको होतं. ‘मी?’

‘तूच. खालून धर, मातीची आहे.’

आम्ही दोघांनी ती उचलली. पाणी हिंदकळून माझ्या खांद्यावरून पाठीवर गेलं, गार, आणि घागर चुंबळीवर नीट बसली. मी पाऊल उचललं तर वाटेत मालक उभे. कोटाच्या गुंड्या पुन्हा लावलेल्या. आवाज खाली आलेला, घरातला.

‘मग,’ ते म्हणाले, ‘आता खुर्चीचं कसं करायचं?’

‘केवलचंदशेटना द्या,’ मी म्हटलं. ‘आणि सरका वाटेतून, डोक्यावर पाणी आहे.’